विस्टफुलसाठी एक वाक्य

शंकर नगरातल्या एका कोचिंग क्लाससाठी दीपमाला इंग्रजी शब्दांच्या पुस्तिका तयार करते. वर अवघड शब्द, खाली व्याख्या आणि त्याखाली तो शब्द वापरलेलं एक वाक्य. क्लास चालवणाऱ्या राधिका मॅडमची अट एकच, वाक्य नेटवरून उचललेलं नको.

बाकीचे शब्द भराभर झाले, पण 'विस्टफुल'पाशी तिची गाडी अडली. डिक्शनरीतला अर्थ असा : हवंहवंसं पण हाती न येणारं काही आठवून थोडा उदास झालेला. मग साध्या 'दुःखी'पेक्षा हे वेगळं कसं? तिनं लिहिलं, 'ती विस्टफुल होऊन खिडकीबाहेर पाहत होती.' 'विस्टफुल'च्या जागी 'उपाशी' घालून पाहिलं, तरी वाक्य बसतच होतं. तिनं ते खोडलं.

डोकं मोकळं करायला ती गच्चीवर गेली. सासूबाई, शेवंताबाई, कठड्याला टेकून उभ्या होत्या. परराज्यातल्या या शहरात, भनपुरी वस्तीतल्या त्यांच्या घरासमोरून दिवसभर ट्रक जातात आणि शेवंताबाई संध्याकाळभर ते बघत असतात. वेळ जात नाही म्हणून बघतात, असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. दीपमालानं आज पहिल्यांदा विचारलं.

"आई, रोज काय पाहून राहता तुम्ही?"

"एमएच छत्तीसची गाडी. भंडाऱ्याची, आमच्या तुमसरकडची. कधी येते, कधी नाई येत."

"दिसली का वाईट वाटते?"

"वाईट काहून वाटन? बरं वाटते. अन् मोडावर वळली का मंग कसंतरी होते."

दीपमालाला आपलं खोडलेलं वाक्य आठवलं.

दोन दिवसांनी तसाच एक ट्रक समोरच्या चहाटपरीपाशी थांबला. "चला आई, विचारू त्याले," असं म्हणून दीपमालानं त्यांना खाली नेलं. ड्रायव्हर निघाला बिहारचा.

"भैया, तुमसर से आए?" शेवंताबाईंनी विचारलं आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं. "वहाँ रेलवे फाटक के पास बड़ा इमली का पेड़ है ना?"

"उधर से ही आते हैं अम्मा. पर फाटक कहाँ, अब तो ऊपर से पुल है."

शेवंताबाईंनी मान खाली घातली. विचारलं हेच चुकलं, असं दीपमालाला वाटलं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. "पुल से तालाब दिखता होगा?"

"पूरा दिखता है, अम्मा."

"पाह्य वं," त्या सुनेकडे वळल्या, "तळं आता वरून दिसते म्हणे! मी तं जनमभर काठावरूनच पाहिलं."

त्या रात्री जेवायच्या आधीच वाक्य तयार झालं : 'पुलावरून आपलं तळं कसं दिसत असेल, हे विचारताना शेवंताचा आवाज विस्टफुल झाला.' राधिका मॅडमनी एक अक्षरही न बदलता ते घेतलं.

दीपमालानं घरी वाक्याचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा शेवंताबाईंना भलतंच नवल वाटलं. "एवढ्याशा गोष्टीले बी इंग्रजीत शब्द हाय? मंग आपल्यात काय म्हणतात?"

"हुरहुर?"

"हट्! हुरहुर पोट्टीच्या लग्नाची लागते. हे येगळं हाय."

"ओढ?"

"त्यात बरं वाटणं कुठं हाय?"

भाजी निवडता निवडता दोघी शब्द शोधत राहिल्या. एक सापडे, शेवंताबाई तो उलटसुलट करून बघत आणि बाजूला टाकत. भाजी संपली तरी त्यांच्या पसंतीचा शब्द काही सापडला नव्हता.