झेंड्यांच्या काठ्या

आमच्या चौकात दोन पक्षांचे मांडव समोरासमोर उभे राहिलेत. सकाळी दूध आणताना लक्षात आलं, झेंडे नेहमीएवढेच आहेत, पण यंदा काठ्या जाड झाल्यात. चांगले मनगटाएवढे बांबू.

अलीकडच्या मांडवात शेजारचा सुनील होता. म्हटलं, “अरे, एवढ्याशा कापडाला एवढा बांबू?”

“काका, आधी त्यांनी आणले. त्यांनी काढले की आम्हीपण काढू.”

पलीकडे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. तेच उत्तर मिळालं, वर आग्रहाने चहा पाजला.

मी कॉलेजात गेम थिअरी, म्हणजे डाव-प्रतिडावांचं गणित, शिकवतो. दरवर्षी फळ्यावर चार चौकोन आखून सांगतो, की दोघांनी काठ्या टाकल्या तर दोघांचंही भलं होतं. फक्त आधी टाकणाऱ्याच्या डोक्याची हमी घेणारा कुणी तिसरा लागतो. एवढं सांगेपर्यंत तास संपतो. चौकात तो तिसरा मी कुठून आणू? माझ्यासारखे तिसरे तर ढीगभर आहेत. चहा पितात आणि घरी जातात.

संध्याकाळी मी चौकातून गुपचूप गाडी काढली, मागच्या गल्लीत लावावी म्हणून. तिथे जागाच नव्हती. आमच्या सोसायटीच्या सगळ्या गाड्या आधीच येऊन लागल्या होत्या.