प्लास्टिकच्या विटांची सांची

बाबांची नजर गेली तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. कर्जतच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. आधी फळ्यावरची त्यांची रेघ तिरकी जायला लागली, मग बाजूने येणारी सायकल दिसेनाशी झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गेलेली नजर परत येणार नाही, हेही सांगितलं. उरलेली टिकावी म्हणून डोळ्यांत थेंब घालायचे होते. आईने ते एकदाही चुकवले नाहीत. तरी वर्षभरात उरलेलीही गेली.

मी तेव्हा खोपोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागले होते. संध्याकाळी एसटीने घरी यायची, तर सकाळी निघताना जिथे दिसले होते तिथेच बाबा बसलेले असायचे. ओट्यावर, भिंतीला पाठ लावून. ते रडले नाहीत, कुणावर चिडले नाहीत. बोलायचेच थांबले. उजव्या हाताचं बोट तेवढं मांडीवर फिरत राहायचं. ते चित्र काढताहेत हे मला कळायचं. कशाचं, ते विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

आई पोशीरची, शेतकऱ्याच्या घरातली. दोघांत भांडण असं कधी नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. बाबांना शाळा आणि चित्रं, आईला घर, माहेरची माणसं आणि माहेरचं भात. जेवायला वाढलंय, पोरीला उशीर होणार आहे, रॉकेल संपलंय, एवढ्यावर त्यांचा संसार इतकी वर्षं चालला होता. आता बाबांचं आंधळेपण आलं आणि तेवढंही बोलणं आटलं.

माझा मामा कुंभिवलीला, हायवेलगतच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर होता. तिथे मुलांच्या खेळातल्या विटा बनायच्या; एकीच्या डोक्यावरचे गोल उंचवटे दुसरीच्या पोटात घट्ट बसतात, तसल्या. एका रविवारी त्याने त्या पोतंभर आणल्या. साच्यातून जरा वाकड्या निघालेल्या, कारखान्यात नको असलेल्या. "वस्तीतल्या पोरांना वाट गं," असं आईला सांगून त्याने पोतं ओट्यावर टेकवलं आणि तो आत चहाला आला.

चहा घेऊन बाहेर गेलो तर बाबांचा हात कोपरापर्यंत पोत्यात. त्यांनी एक वीट काढली, अंगठ्याने चाचपली, दुसरी काढली, दोन्ही जोडल्या. मग तिसरी. मामा काही बोलणार होता, पण आईने त्याच्या दंडाला धरलं. आम्ही तिघं दारात उभे राहिलो आणि चहा तसाच निवला.

"ह्या वाटू नका," बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी.

पहिल्यांदा त्यांनी गेटवे ऑफ इंडिया केला. चित्रकलेचं शिक्षण घ्यायला ते मुंबईत राहिले होते, तेव्हा समुद्राकडे तोंड करून बसून त्यांनी तो कितीदा काढला होता. पाटावर त्यांनी पाया मांडला, मधली कमान मोठी, बाजूच्या दोन लहान. कमानीला गोलाई देता येत नव्हती, म्हणून प्रत्येक थराला एकेक वीट पुढे सरकवत ती वर नेली. आई कोथिंबीर निवडत शेजारी बसली होती. तिने कल्याणपलीकडे काही पाहिलं नव्हतं.

"ह्यात राहतं कोण?" तिने विचारलं.

"कुणी नाही. ते दार आहे."

"कशाचं दार? घर कुठं हाय मागं?"

बाबा थांबले. मग हसले. "घर नाहीच. नुसतंच दार बांधलंय."

"येवढं मोठं दार, आन् मागं घरच नाय," आई म्हणाली आणि तीही हसली.

त्या दिवसापासून दुपारी भांडी आवरली की आई त्यांच्याजवळ जाऊन बसायची. ती रंग निवडून द्यायची. लाल एका टोपल्यात, पिवळ्या दुसऱ्यात, पांढऱ्या थोड्याच, त्या जुन्या डब्यात. बाबांनी मागितली की ती वीट त्यांच्या तळहातावर ठेवायची. कुतुबमिनार केला, तो कमरेएवढा होऊन कोसळला. ताजमहाल केला, त्याला पांढऱ्या पुरल्या नाहीत म्हणून मागची बाजू निळी. ती एका राणीची कबर आहे हे बाबांनी आईला सांगितलं. "बाई गेल्यावर बांधून काय उपयोग," ती म्हणाली. "ती असताना बोलत हुता का तिच्याशी?"

बाबांनी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पण त्यानंतर ते तिच्याशी बोलायला लागले. मी घरी यायची तेव्हा ओट्यावरून दोघांचे आवाज ऐकू यायचे. मुंबईत खोलीवर राहताना कशी उपासमार व्हायची, ते बाबा सांगायचे. गावच्या शाळेत त्यांना दाराबाहेर बसवायचे, आणि बाहेर करमायचं नाही म्हणून ते धुळीत चित्रं काढायचे, तेही त्यांनी तिला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. आई ऐकायची आणि मधेच म्हणायची, "आन् मला आज सांगताय व्हय हे?"

सांचीचा स्तूप आईने मागितला. आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका जुन्या कॅलेंडरचं पान लावलेलं होतं, त्यावर तो होता. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा ती नवी सून होती. त्यानंतर विहारात, सभेत सांचीचं नाव ती ऐकत आली होती.

"पन गोल कसा करणार तुमी? ह्या तर सगळ्या चौकोनी."

"लांबून बघणाऱ्याला गोल वाटेल."

"मी तर जवळच बसणार हाय."

ती चित्र भिंतीवरून काढून मांडीवर घ्यायची आणि बाबांना सांगायची. कठडा कुठून सुरू होतो, जिना कुठल्या अंगाला आहे, तोरणाला आडव्या पट्ट्या किती. बाबांनी हा स्तूप फळ्यावर अनेकदा काढला होता, तरी तिचं ऐकून ते बांधलेलं मोडायचे आणि पुन्हा मांडायचे. चित्रातला दगड पिवळट होता, म्हणून पिवळ्या विटा तिने फक्त त्याच्यासाठी राखल्या. पावसाळाभर ते काम चाललं. गोलाईचा अर्धा भाग वर आला होता तेव्हा एका जेवणाच्या वेळी आई म्हणाली, "आपन जाऊ या का रं बघायला?" बाबांना ती कधी अरेतुरे करत नसे. तोंडातून निघून गेलं आणि तिची तीच लाजली.

"मी काय बघणार?" बाबा म्हणाले.

"मी सांगन ना. हितं नाय सांगत?"

भातकापणी झाल्यावर जायचं ठरलं. मी रजा मागून घेतली, कल्याणहून भोपाळकडे जाणाऱ्या गाडीचं तिघांचं रिझर्व्हेशन केलं. आईने दोन नवी पातळं धुऊन घडी घालून ठेवली. जाण्याआधी ती माहेरी कापणीला हात लावायला म्हणून पोशीरला गेली आणि तिकडून अंगात ताप घेऊन आली.

साधा ताप म्हणून गोळ्या झाल्या. मग तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. मामाने चौक गावातल्या गॅरेजवाल्या ओळखीच्या माणसाचा टेंपो आणला, त्यात गादी टाकून तिला पनवेलला नेलं. बाबा माझ्या शेजारी बसले होते, आईचे पाय मांडीवर घेऊन. रस्त्यात खड्डा आला की ते पाय घट्ट धरायचे. हॉस्पिटलात ती फार दिवस राहिली नाही. शुद्धीत होती तेव्हा तिने मला विचारलं, "तिकिटं परत घेतात का गं?" मी म्हटलं, आई, आपण जाणार आहोत. तिने मान हलवली, पण ती माझं समाधान करायला.

आई गेली तेव्हा बाबा बाहेर बाकावर होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "चेहरा कसा आहे तिचा?" मी त्यांना आत नेलं आणि त्यांचा हात तिच्या गालावर ठेवला.

स्तूप तसाच पाटावर अर्धा राहिला. पुढच्या मंगळवारी की बुधवारी गाडी होती. मी रिझर्व्हेशन रद्द केलं. बाबा पुन्हा भिंतीला पाठ लावून बसायला लागले, आणि आता बोटही फिरत नव्हतं. थंडीत एका सुट्टीच्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, मी देते ना विटा. पिवळ्या वेगळ्याच आहेत अजून."

"नको," ते म्हणाले.

मग एका संध्याकाळी मी घरी आले, तर त्यांनी सगळी टोपली आणि डबा जमिनीवर एकत्र ओतला होता आणि हाताला येईल ती वीट लावत होते. लाल, निळी, हिरवी. खालचा अर्धा भाग पिवळा, आणि त्याच्यावर सगळे रंग मिसळलेले. मी म्हटलं, "बाबा, रंग..."

"माहितेय मला," ते म्हणाले. "लावू दे."

त्यांनी तो पुरा केला. वर छत्रीसुद्धा केली. बुद्ध पौर्णिमेला वस्तीतल्या बायका बघायला आल्या, एकीने त्याच्यापुढे फुलं ठेवली. मामा आला, त्याने लांबून पाहिलं आणि आत जाऊन रडला. त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "आपण जाऊन येऊ या का सांचीला?"

"कुणाबरोबर?"

"मी आहे ना."

"तू आहेस गं," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझा हात शोधून धरला. पण हो म्हणाले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

वर्षभर तो स्तूप कपाटावर होता. एके दिवशी मी ड्यूटीवरून आले तर बाबांनी तो स्वतःच सुटा केला होता, पोत्यात भरून तोंड बांधलं होतं. बालवाडीच्या बाईंना दे म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी दिलं. बाईंनी निरोप पाठवला की सरांनी येऊन मुलांना काहीतरी बनवून दाखवावं. बाबा गेले नाहीत.

त्यानंतर ते काही वर्षं जगले. कटकट कसलीच नाही, जे वाढेन ते जेवायचे. कधीतरी अचानक आईची एखादी गोष्ट सांगायचे, आणि ती त्यांना तिने ओट्यावर सांगितलेली असायची. मला त्यातली एकही ठाऊक नव्हती. लग्नाआधी ती पोहायला शिकली होती, हे मला बाबांकडून कळलं.

पुढे आमच्या ऑफिसातली माणसं भोपाळ-सांचीच्या सहलीला निघाली, तेव्हा मलाही बोलावलं. मी पैसे भरले, पिशवीही भरली. सकाळी सगळे स्टेशनवर वाट बघत असतील हे माहीत असून मी ओट्यावर बसून राहिले. शेजारची एक मुलगी धावत निरोप घेऊन आली, "आत्या, गाडी सुटंल तुमची." मी तिला म्हटलं, माझं अंग दुखतंय, त्यांना जायला सांग.