चंपीच्या जेवणाचे टोले

माझी थोरली लेक चंपी दोन वर्षांची होईपर्यंत सरकारी हुकमानं जेवत होती.

भोरला आमच्या घरामागंच कचेरी. तिथला पहारेकरी तासातासाला घंटेवर टोले द्यायचा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि शेजारच्या नर्सबाईंनी तर मला पक्कं पटवलं होतं, की मूल वेळच्या वेळी जेवलं-निजलं तरच बाळसं धरतं. मग काय, मी चंपीला टोल्यांवर वाढवायला घेतलं! टोल्याला भात, टोल्याला झोप. मधे कितीही रडली तरी उचलायची नाही. (चंपीचे वडील शाळेत शिकवायला गेल्यावरच हे जमायचं. घरी असले की तेच आधी उचलून घ्यायचे.) थोड्याच दिवसांत पोर टोला ऐकला की आ करायला लागली. मी गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून ते दाखवलं.

दिवाळीनंतर तिला घेऊन मी माहेरी गेले, वेल्ह्याकडच्या वाडीत. बाळंतपण भोरलाच झालेलं, त्यामुळं माझ्या वडिलांनी, आबांनी, नात अजून पाहिली नव्हती. ते शेरडं घेऊन वर डोंगरातल्या माळावर राहायचे. आम्ही आल्याचं कळताच शेरडं सोबतच्या गुराख्यावर सोपवून, शेळीच्या दुधाची चरवी घेऊन ते भर उन्हात खाली उतरले. चंपी नुकतीच निजली होती.

"उठिव की जरा. डोळं तरी बघू दे," आबा म्हणाले.

"न्हाई आबा. येळंआधी उठली तर समदं बिघडंल."

आई मधे पडली, तर तिलाही मी नर्सबाईंचं सगळं ऐकवलं. आबांनी दारातूनच पाहिलं. पांघरुणातून बाहेर आलेला एक पाय दिसला, तेवढाच. चरवी उंबऱ्यावर ठेवून ते परत चढणीला लागले, आणि मी बाई त्यांना जाऊ दिलं.

ते दिसेनासे होताहेत तोच चंपी उठली! आई पाण्याला गेली होती. मी दूधभात कालवला. चंपी भुकेनं रडत होती, पण घास पुढं केला की ओठ घट्ट. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला: टोलाच पडला नव्हता! आता वाडीत कचेरी कुठून आणू? मी पितळी परात घेतली, पळी घेतली आणि अंगणात बसून दणकन टोला दिला. चंपीनं आ केला. टोल्याला घास, घासाला टोला, असं आमचं मस्त चाललं.

भोरची होण्याच्या नादात मी एक विसरले. आमच्या वाडीत परात वाजली की त्याचा एकच अर्थ, वाघरू शिरलंय! निम्मा भात संपला नाही तोच अंगण काठ्या-कोयत्यांनी भरलं. जो तो वाघरू कुठं म्हणून मला विचारतोय, आणि मी हातात पळी धरून सांगतेय की पोर जेवतेय. पुढं मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात आबा धावत आले. वाटेत पडले होते. मुंडासं गेलेलं, एक वहाण गेलेली, गुडघा रक्तानं माखलेला. त्यांच्यामागं तो गुराखीही. आवाज आपल्याच अंगणातून येतोय म्हणजे वाघरानं नातच धरली, अशा जिवाच्या आकांतानं ते डोंगर उतरले होते. समोर पाहतात तर चंपी आ करून पुढच्या टोल्याची वाट बघतेय.

सगळे मला बोलत होते. आबा दम खात लांबच उभे राहिले आणि म्हणाले,

"पोरी, आता तरी भेटायची येळ झाली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चंपीला त्यांच्या हातात दिलं. तिनं त्यांच्या मिशा ओढल्या आणि उरलेला भात एकही टोला न पडता त्यांच्या हातानं खाल्ला!

राखण सुटलेल्या शेरडांतलं एक करडू त्या दिवशी वाघरानं खरंच नेलं. आबांचा गुडघा पुढं धड वाकला नाही, आणि खाली उतरणं कमी कमी होत गेलं. त्यांना नात फार थोडी मिळाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता चंपीला मुलगा आहे. तिच्या भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ आहे. मी एवढ्या लांबून गेले की ती म्हणते, "निजलाय गं आई, वेळेआधी उठवायचा नाही." मी उंबऱ्यात बसून त्याचा पांघरुणाबाहेरचा पाय बघत राहते. परात वाजवावी म्हटलं, तर चंपीनं ती मी यायच्या आधीच माळ्यावर टाकलेली असते.