बंदुकीच्या नळकांड्यातल्या खोल्या

ये गं बाई, जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. आधी जरा रागावून घेते. परवा फोनवर तू किती सहज म्हणालीस, "आजी, मामाच्या बंदुकीला तर सायलेन्सर असतो, मग त्याचा कान कसा गेला? सिनेमात नुसतं फुस्स होतं." असं सिनेमावर विसंबून बोलू नये. सिनेमात माणसं गाणं म्हणत नांगर धरतात. आपल्याकडं गाणं म्हणणाऱ्याच्या हातात कुणी बैल देत न्हाई.

तुझा मामा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, फौजेत लांबच्या निशाण्यावर होता. ती स्नायपर बंदूक जवळजवळ तुझ्या उंचीची. उजव्या खांद्याला लावली की डावा कान तिच्या तोंडाकडं येतो. कानात बोळे घालायचेच असतात. तो घालायचाही. पण डाव्या अंगाला पालथं पडलेल्या उस्तादाचा, म्हणजे शिकवणाऱ्याचा, हुकूम ऐकू यावा म्हणून त्या कानातला बोळा ढिला ठेवायचा. वर्षानुवर्षं तसंच. हुकूम सगळे ऐकू आले. कान गेला.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा बहिणीनं आधी खरं सांगून बघितलं. एकेका घरी चहा पिऊन आलो ते आलोच. कुणी तोंडावर "न्हाई" म्हणालं न्हाई, आपल्याकडं तशी रीत न्हाई. "कळवतो" म्हणतात. शेवटी पोरगं बेजार झालं. हिमायतनगरचं स्थळ आलं तेव्हा मला म्हणालं, "मावशी, हे शेवटचं. ह्याच्यानंतर मला कुठं नेऊ नका. मी एकटा बरा हाय."

मग आम्ही दोघी बहिणींनी ठरवलं की ह्या वेळी कानाचं काढायचंच न्हाई. कसं बसायचं ते निघायच्या आधी घरी, जळकोटातच पक्कं केलं. डावीकडं भिंत, उजवीकडं माणसं. तो "बरं" म्हणाला. फौजी माणूस, सांगितलेल्या जागी बसण्यात त्याचा हात कुणी धरणार न्हाई.

हिमायतनगरला मुलीच्या वडलांची पिठाची गिरणी. घर गिरणीला लागूनच. त्या घरातली सगळी माणसं भांडल्यासारखी बोलायची, पण भांडत नव्हती, पट्टा चालू असताना बोलायची सवय ती. आम्ही गेलो, पोरगं बरोबर भिंत बघून खुर्चीवर बसलं. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला. सगळं जमलं होतं.

तेवढ्यात मुलीची आजी आतून आली आणि दारातच थांबली.

"अगं बाई! दक्षिणेकडं तोंड? नव्या पाव्हण्याला दक्षिणेकडं तोंड करून बसवलं कुणी? उठ रे बाबा, उठ. खुर्ची फिरवा."

"असू द्या हो," बहीण म्हणाली. "त्याला चालतंय."

"त्याला चालतंय, आमाला न्हाई चालत."

खुर्ची फिरली. माणसं होती तिथंच राहिली, कान तेवढा बदलला. आमच्या ध्यानात कान होता, दक्षिण नव्हती. एवढ्या वयाच्या दोन बायका, पण दिशा बघायची कुणालाच सुचली न्हाई.

मुलगी आली, सुशिल्याच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बश्या ठेवून वडलांशेजारी बसली. आजीनं विचारलं, "फौजेत काय काम करतूस बाबा?"

पोरगं मन लावून मुरमुरे खात होतं.

आजीनं पुन्हा विचारलं. पोरानं एक शेंगदाणा बाजूला केला. बहिणीला खोकला आला. मी म्हणाले, "लाजतंय जरा."

"लाजतंय?" आजी म्हणाली. "मला तर घमेंडी दिसून राहिलंय. म्हातारीला जवाब देत न्हाई, ते बायकोला काय देईल?"

मग मुलीच्या वडलांनी गिरणीतला आवाज काढला. "पाव्हणं!"

पोरगं गर्रकन वळलं. सगळ्यांची तोंडं बघितली आणि समजलं. मी डोळ्यांनी खूप सांगितलं, पण डोळ्यांनी सांगितलेलं तो कधीच ऐकत न्हाई. शांतपणे म्हणाला, "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. म्हणून मी तिकडं तोंड करून बसलो होतो. आजींनी उठवलं."

बहिणीचा खोकला थांबला. आता "कळवतो" येणार म्हणून मी पिशवी जवळ ओढली.

मुलीचे वडील म्हणाले, "बंदुकीनं का? पण तिला ते सायलेन्सर बसवत्यात ना?" हुबेहूब तुझाच प्रश्न. माझा राग तेव्हापासूनचा हाय.

"आमाला ते मागाहून मिळालं," पोरगं म्हणालं. "आणि मिळालं तरी आवाज जात न्हाई, कमी होतो." मग सांगायला लागलं. कामाचं कुणी विचारलं की त्याला थांबवता येत न्हाई.

बंदुकीत दारू पेटली की एकदम वायू तयार होतो, तोच गोळीला ढकलतो. गोळी बाहेर पडली की तिच्यामागं तो गरम वायू नळीच्या तोंडातून एका दमात सुटतो, आणि धडाका होतो तो त्याचा. जसं लग्नघरात पंगत वाढली असं कळल्यावर सगळी माणसं एकाच दारातून घुसतात. नळीपुढं बसवलेल्या सायलेन्सरच्या नळकांड्यात एकामागं एक लहान खोल्या असतात, मध्ये पडदे, पडद्यांना सरळ रेषेत भोकं. गोळी कुठल्याच खोलीत थांबत न्हाई, भोकांतून सरळ निघून जाते. वायू मात्र खोल्याखोल्यांत अडकतो, पसरतो, थंडावतो आणि दमानं बाहेर येतो. नळकांडं इतकं तापतं की पुढची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून निशाणा हलल्यासारखा दिसतो, म्हणून त्यावर जाड कापड गुंडाळतात.

"मग राहिलेला आवाज कशाचा?" आता मुलीनं विचारलं. तिचा आवाजही गिरणीतलाच.

"गोळीचा. ती आवाजापेक्षा जोरात पळती, तवा हवा फाटल्यासारखी कडाडती. ते नळकांड्याच्या बाहेरचं काम हाय, त्याला काय इलाज न्हाई."

"एवढं करूनबी आवाज येतोच, तर बसवायचं कशाला?" आजी.

"कान वाचतो. झटका कमी बसतो. उजेड न्हाई दिसत, धूळ कमी उडती. गोळी आली हे समोरच्याला कळतं, पण कुठून आली ते लवकर कळत न्हाई."

"आमच्या घरातल्यासारखं," आजी म्हणाली. "टोमणा आला हे कळतं, कुठल्या खोलीतून आला ते न्हाई." आतून भांड्यांचा आवाज आला.

मुलगी जरा विचार करून म्हणाली, "आपल्या डिझेल इंजनाच्या उलटं झालं की हे, बाबा." पूर्वी गिरणीच्या धुराड्यावर मुद्दाम डबा बसवायचे. त्याची पुकपुक शिवारभर जायची, गिरणी चालू झाली हे बायकांना कळायचं आणि त्या दळण घेऊन निघायच्या. "आपण आवाज लांब जावा म्हणून डबा लावायचो, हे जाऊ न्हाई म्हणून लावत्यात."

"हाव," पोरगं म्हणालं. आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

पण आजी मुद्द्यावरून हलली न्हाई. "ते नळकांडं राहू द्या. बायको असती डाव्या अंगाला. पूजेला, आशीर्वादाला, फोटोला. जल्मभर ही बहिऱ्या बाजूला बसून बोलणार, आणि हा मुरमुरे खाणार."

पोरानं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. चला म्हणायची ती नजर मी आधीच्या घरांतनं ओळखत होते. मी उठायलाच लागले.

"बसा की मावशी," मुलगी म्हणाली. मग आजीकडं वळून, "मी डावीकडूनच बोलीन, मोठ्यानं बोलीन. गिरणीत दिवसभर दुसरं काय करते? आणि ह्यांनी कान लपवला असता तर मी न्हाई म्हणाले असते. ह्यांच्या आईनं आणि मावशीनं लपवला, ह्यांनी सांगून टाकला."

हे वाक्य मला काही फार आवडलं न्हाई. पण लग्न ठरलं.

तीच तुझी मामी. आता मामा हलक्या कामावर हाय, नव्या पोरांना शिकवतो, आणि बोळा ढिला करणाऱ्याला मैदानाबाहेर काढतो म्हणे. सुट्टीवर आले की मामी डावीकडून बोलते आणि सगळ्या गल्लीला कळतं आज भाजी कसली. दिवाळीला दोघं येणार हायत. तूही ये, चार दिवस काढून ये. उगीच "बघते" म्हणू नकोस, ते "कळवतो"च्याच घरातलं हाय. गाडीत बसलीस की फोन कर, स्टँडवर घ्यायला मीच येते.