गेटवर दिलेला नंबर

"तुमच्याकडे गोवंडीत हे चालत असेल. आमची सोसायटी सभ्य आहे."

कमिटीच्या ऑफिसात सेक्रेटरीबाई मला हे म्हणाल्या. सगळे खुर्च्यांवर. मी उभी. तोही बसलेला, सोसायटीचा खजिनदार, माझ्या बापाच्या वयाचा. निवांत मोबाईल चाळत.

पार्ल्यातल्या त्या बिल्डिंगमध्ये मी एका आजींना सांभाळायची. कामाला येणाऱ्या प्रत्येकीने गेटवरच्या अ‍ॅपमध्ये नंबर द्यायचा. येता-जाता फोटो. चोऱ्या होऊ नयेत म्हणून म्हणे! ते अ‍ॅप बघायचा तोच. माझा नंबर त्याने तिथूनच उचलला. आधी 'जेवलीस का'. मग 'हिरवा ड्रेस छान दिसतो'. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. मी गेटबाहेर पडले की त्याला अ‍ॅपवर कळायचं, आणि हा स्टेशनपर्यंत मागे. एकदा तर गोवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसलेला. स्वतःचीच किळस यायची. मी काय केलं होतं?

शेवटी मी कमिटीकडे तक्रार केली, ऑफिसात मेसेज दाखवले. कुणी फोन हातातसुद्धा घेतला नाही. ठरलं काय, तर एन्ट्री बंद. त्याची नाही, माझी!

बाहेर निघाले तर वॉचमनने मोबाईल वर धरला. "जायचा फोटो, ताई." डोकंच सणकलं. मी तोंडासमोर हात आडवा धरला. "नाही काढायचा." आणि तिथून सरळ पोलीस ठाणं गाठलं.

हवालदार म्हणाले, "एनसी लिहून घेतो. बोलावून दम देतो." म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहायचं आणि विसरायचं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एका वकीलताईंनी सगळं समजावलेलं. म्हटलं, "साहेब, पाठलाग दखलपात्र गुन्हा आहे. एफआयआर लिहा." मी बाकावरून उठलेच नाही. शेवटी लिहिली.

त्याला लगेच जामीन मिळाला. आता सेक्रेटरीबाई फोन करतात, "केस मागे घे, एन्ट्री चालू करते." आई म्हणते, "घे ना गं मागे, काम तरी मिळेल." मला भीती वाटत नाही असं नाही. तशी गाडी दिसली की अजून छातीत धडधडतं. धडधडू दे. सेक्रेटरीबाईंना सांगून टाकलंय, काम गेलं तर गेलं, केस मागे घेणार नाही. तारीख पडली की मी जाणार. प्रत्येक तारखेला जाणार. आणि कोर्टात सगळ्यांसमोर त्याचं नाव घेणार.