निघण्याआधी मिनिटभर

घरून निघण्याआधी तारा रोज मिनिटभर बुद्धाच्या तसबिरीखालच्या लोखंडी पेटीवर बसायची. पायात चपला, मांडीवर पिशवी, तोंड बंद. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या मायला हे काही केल्या पटत नसे.

"कावून बसून राहिली वं? शटल गाडी का तुह्यासाठी थांबन?"

तारा उत्तर देत नसे. बोललं की ते बसणं वाया जातं.

ही सवय तिला तिच्या विद्यार्थ्यांनी लावली होती. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. त्यासाठी आलेल्या रशियन इंजिनिअरांच्या मुलांना ती इंग्रजी शिकवायची. पुढचे दात पडलेल्या ओल्गानं तिला समजावलं होतं, लांबच्या प्रवासाआधी सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं, नाहीतर जीव घरातच राहून जातो. ताराला ते इतकं आवडलं, की चरोदा ते भिलाई हाही तिनं लांबचा प्रवास ठरवून टाकला. बदल्यात तिनं मुलांना बोरकूट खायला शिकवलं. डोळे मिचकावत, तोंडं वाकडी करत मुलं पुन्हा हात पुढे करायची.

तीन वर्षांनी, बासष्टच्या मे महिन्यात, त्यातली बरीच मुलं मायदेशी निघाली.

"टीचर, निघायच्या दिवशी तुम्ही आमच्यामध्ये बसायचं," ओल्गानं बजावलं. "मधल्या खुर्चीवर."

बस रविवारी सुटणार होती. शनिवारी शाळेच्या फाटकाशी शीलानं ताराला गाठलं. शीला त्याच मुलांना गाणं शिकवायची, भिलाईतच सेक्टर सहामध्ये राहायची. तीन वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या होत्या.

"अगं, बस सोमवारवर गेली. उद्या उगीच हेलपाटा घालू नकोस."

ताराला दुसऱ्या कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. रविवारी तिनं निवांत बसून बोरकुटाच्या पुड्या बांधल्या.

सोमवारी फाटकावर चौकीदार लहानू उठून उभा राहिला.

"बाई, काल कावून नाई आल्या? पोरायनं खुर्ची मांडली होती तुमच्यासाठी. ते ओल्गा त गाडीत बसाले तयारच नोहती."

"मग?"

"मंग त्या खुर्चीवर शीलाबाई बसल्या. म्हने, ताराबाईले ताप आहे."

वर्गात शीला पताका उतरवत होती. खुर्ची अजून मधोमध होती.

"तू मला सोमवार सांगितलंस," तारा म्हणाली.

शीला दोरी गुंडाळत राहिली. "मोठ्या साहेबांच्या बायका आल्या होत्या गं. सगळ्यांना एकत्र चहा-फराळ होता. त्या आडनावं विचारतात, घरचं विचारतात. तू अवघडली असतीस."

"मी?"

शीला उरलेल्या पताका उतरवू लागली. दुपारी तिनं नेहमीसारखा डबा उघडून मध्ये सरकवला. तारा उठली आणि पुड्या लहानूच्या हाती देऊन आली. ओल्गाला मात्र ताप आलेली बाईच आठवत राहणार होती. त्यावर कुठलाच इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं पेटीवरचे वाळलेले कपडे स्वतःच उचलले, जागा केली. तारा पिशवी घेऊन सरळ दाराकडे गेली.

"कावून वं, आज बसली नाई?"

"शटलचा टाइम झाला, माय. दार लावून घे."