ओट्यांची जागा

बदलापूर गावातली ती गल्ली बैलगाडीच्या मापाची. दोन्ही बाजूंना दगडी ओटे आणि मधे जेमतेम वाट. चामटोलीच्या मोकळ्या रानात वाढलेली संजीवनी लग्न होऊन इथं आली, तेव्हा समोरच्या घरातल्या फोडणीनं तिला पहिल्याच दिवशी ठसका लागला होता. सासूबाई विठाबाई मात्र ओट्यावरच रमायच्या. तिथं तांदूळ निवडायच्या, भांडणं मिटवायच्या आणि कंटाळा आला की एखादं लावूनही द्यायच्या.

सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा अँब्युलन्स नाक्यापुढं आलीच नाही. तिचा नवरा आनंदा यानं बापाला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांबरोबर उचलून नेलं. नाका येण्याआधीच सासरे गेले.

म्हणून पालिकेनं रस्ता रुंद करायला ओटे मागितले, तेव्हा अख्खी गल्ली नाही म्हणत असताना संजीवनी दारोदार फिरली. "ओटा मोठा की माणूस?" असं विचारून तिनं एकेकाला वळवलं. पहिला ओटा तिनं स्वतःचाच फोडू दिला. विठाबाईंनी कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला.

काँक्रीटचा रस्ता झाला. छान, रुंद, गुळगुळीत. आणि ओट्यांच्या जागी गाड्या उभ्या राहिल्या. मागच्या नव्या टॉवरवाल्यांच्या, बाजाराला येणाऱ्यांच्या, कुणाकुणाच्या. वाट पुन्हा होती तेवढीच.

शेजारच्या अक्षयच्या बायकोला, मायाला, कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा नाक्यावरच अडकली. संजीवनीचा हात धरून, गाड्यांच्या आरशांना धडकत माया चालत गेली. बाळ सुखरूप झालं, पण संजीवनीचं डोकं फिरलं ते फिरलंच.

"ओटे काय या डब्यांसाठी दिले का मी?" ती आनंदावर ओरडली. जणू गाड्या त्यानंच लावल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी दारापुढची एक गाडी हलताच तिनं तिथं खुर्ची टाकली आणि विठाबाईंना बसवलं. थोड्या वेळानं टॉवरमधली राजसी गाडी घेऊन आली.

"काकू, जरा आजींना उठवता? दोनच मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं काल सकाळपासून चालू होती, बाई."

"पण रस्ता सगळ्यांचा आहे ना?"

"म्हणूनच तर! तुझी गाडी एकटीची आहे."

राजसी निघून गेली. समोरच्या जनाबाईंनीही खुर्ची आणली. आठवडाभरात दारोदार खुर्च्या, स्टुलं, एक मोडकी खाटसुद्धा आली. मग तक्रार गेली आणि पालिकेचा माणूस आला. "हे अतिक्रमण आहे, ताई."

संजीवनीनं विठाबाईंना हात देऊन उठवलं, खुर्ची उचलून घरात ठेवली आणि बाहेर आली. "झाली वाट मोकळी. आता पलीकडची ती गाडी तुम्ही उचलून दाखवा."

त्यानं गाडीकडं बघितलं, कपाळ पुसलं. पुढच्या महिन्यात गल्लीच्या दोन्ही टोकांना 'नो पार्किंग'च्या पाट्या लागल्या.

त्यावर समाधान मानावं, तर दिवाळीत अक्षयनंच गाडी घेतली. बाळासाठी म्हणे. पाटीखालीच लावली.

"अक्षय, अरे, निदान तू तरी!"

"काकू, आपल्याच गल्लीतली आहे ना! बाहेरच्यांची थोडीच आहे?"

संजीवनीला हसावं की रडावं कळेना. ती घरात गेली, मटारची परात घेऊन आली आणि त्याच्या गाडीपुढं मधोमध फतकल मारून बसली. अक्षयची अंबरनाथ एमआयडीसीतली शिफ्ट जवळ आली. त्यानं हॉर्न वाजवला. तिनं शेंग फोडली.

"काकू, लेट होतोय यार!"

खिडकीतून माया म्हणाली, "जा ना चालत. मी गेलेच होते."

अक्षय गाडीतून उतरला, दार आपटलं आणि रिक्षा पकडायला नाक्याकडं निघाला. संध्याकाळी आल्यावर त्यानं गाडी गल्लीबाहेरच्या मैदानात नेऊन लावली.